वीतभर उघडं शटर

"माह्या हातानं माह्या नवऱ्याले मारलं का, येवढंच सांगा."

म्हातारीनं अजून चपलाही काढल्या नव्हत्या. यावलजवळच्या मळ्यातून जळगाव आणि जळगावहून धुळे, अशा दोन एसट्या बदलून ती एकटीच आली होती. वैशाखाचं ऊन तिच्या लुगड्यावर धुळीसारखं बसलं होतं.

मंजुळा अक्कांनी तिला बसवलं, पाणी दिलं. म्हातारीनं पेला डाव्या हातात घेतला. उजवा हात पदराखाली होता, तो तिथेच राहिला.

धुळ्याच्या देवपुरातल्या त्या दोन खोल्या म्हणजे अक्कांची कचेरी. विमा कंपन्यांसाठी अपघातातल्या गाड्या तपासण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. आता त्या स्वतंत्रपणे तपास घेत. सोबतीला झुलाल भाऊ, एसटीतून निवृत्त झालेले चालक. अक्कांची जीप तेच चालवत आणि निष्कर्षही तेच आधी काढत. बहुतेक वेळा चुकीचे.

"नाव सांगा, आणि पहिल्यापासून सांगा," अक्का म्हणाल्या.

तिचं नाव सुगंधाबाई. नवरा जीवराम नाना, केळीचे मोठे बागायतदार. उन्हाळ्यात दुपारी लाइट जायची, पंखे बंद पडायचे. मग नाना जेवून सरळ गाडीत जाऊन झोपत. गाडीपुरती पत्र्याची खोली होती. इंजिन चालू, एसी चालू, काचा बंद. बाहेरून लूची झळ येऊ नये म्हणून सुगंधाबाई शटर ओढून घ्यायच्या.

"पूर्ण?"

"नाही हो. वीतभर उघडं. नानांनीच बाहेरून आकडा बसवला व्हता. आकड्यात साखळी अडकवली का शटर वीतभरावर थांबते, वर बी जात नाही न खाली बी. चार वाजता चहा घिऊन मीच उघडते. कितीक वर्सं झाले."

"आणि त्या दिवशी?"

"साखळी आकड्यातच व्हती. शटर उघडलं तं डोये चुरचुरले, पेट्रोलचा वास. गाडी चालूच. नाना..." ती थांबली. "ओठ लालभडक व्हते, पान खाल्ल्यावानी. नाना तं पान खात नव्हते. डाक्टर म्हने उष्माघात. हितू म्हने, शटर लावून तूच कोंडून मारलं."

हितू म्हणजे एकुलता मुलगा हितेंद्र. जळगावात जुन्या गाड्या घ्यायच्या-विकायच्या, हा त्याचा धंदा. बापाच्या दिवसांसाठी तो मळ्यातच राहत होता. भरल्या घरात आईनं पुढे केलेला पाण्याचा तांब्या त्यानं सरकवून दिला होता. "तुझ्या हातचं पाणी नको," असं म्हणाला होता. नातवंडांनाही तिच्याजवळ जाऊ देत नव्हता.

"वाईट पोरगं नाही हो ते," सुगंधाबाई घाईनं म्हणाल्या. "बापाची लई काळजी त्याले. आखाजीच्या आधी एसीत गॅस भराले गाडी मागून घेतली. आखाजीले सकाळी आला तं उजवा गाल उन्हानं भाजेल, केसांत माती. म्या पन्हं करून देल्लं. नाना गेले त्या दुपारी बी फोन करून इचारलं, 'आई, लू सुटलीय, नानांचं शटर लावलं का?'"

"असा पोऱ्या नशीबवाल्यालेच भेटस," झुलाल भाऊ म्हणाले.

अक्कांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दिवस शोधला. "आखाजीनंतर नाना रोज झोपायचे गाडीत?"

"नाही. आखाजीले लेकीबाळी आल्या व्हत्या. त्या पत्र्याच्या खोलीपुढच्या निंबाले झोके बांधेल. पोरींचा कालवा, गाणे. नाना तिकडे फिरकलेच नाही. पोरी गेल्या, झोके सुटले, न पहिल्याच दुपारी..."

"गाडी कुठे आहे?"

"तठीच. परवा भंगारवाला नेनार हाये. हितू म्हने, अशी गाडी दारात नको."

अक्का उठल्या. "झुलाल भाऊ, जीप काढा."

---

तापी ओलांडली तशा दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सुरू झाल्या. मळ्यावर हितेंद्र नव्हता, जळगावला गेला होता. नानांचा चालक तोताराम, वर्षाच्या बोलीवर राहिलेला सालदार, तेवढा ओट्यावर बसला होता. सातपुड्याच्या पायथ्याचा माणूस, डोळे रडून सुजलेले.

गाडी पत्र्याच्या खोलीतच होती. पेट्रोलवर चालणारी, जुनी झाली तरी नानांनी लख्ख ठेवलेली. मागच्या सीटवर मात्र केळीच्या वाळक्या पानाचा एक तुकडा पडला होता, आणि काचांच्या खाचांत माती होती. अक्कांनी तो तुकडा उचलून पाहिला आणि पुन्हा जागेवर ठेवला.

"रस्त्यानं केळीचे ट्रक जातात, त्यातून उडत असतील," झुलाल भाऊ म्हणाले.

"हो. पण बंद काचांतून आत नाही उडत."

गाडी उघड्यावर ढकलून घेतली. अक्कांनी पिशवीतून तळहाताएवढा स्कॅनर काढला आणि स्टिअरिंगखालच्या खाचेत त्याची तार लावली.

"झुलाल भाऊ, ऐका. इंजिनातून निघणारा धूर विषारी असतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात शिरला की माणूस झोपेतच जातो, आणि ओठ लाल होतात."

"पान खाल्ल्यावानी," झुलाल भाऊ हळूच म्हणाले.

"म्हणून सायलेन्सरच्या नळीत एक डबा असतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी. तापलेल्या जाळीतून धूर गेला की त्यातलं बहुतेक विष मरतं. डब्याच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर, नंतर एक. दोन नाकं समजा. पुढचं नाक कच्चा धूर हुंगतं, म्हणून सतत चुळबुळत असतं. मागचं नाक साफ झालेला धूर हुंगतं, म्हणून शांत असतं. जाळी खराब झाली, तर?"

"मागचं बी चुळबुळ करंन."

"शाबास! दोन्ही नाकं सारखीच नाचायला लागली की गाडीचा संगणक ओळखतो आणि पिवळा दिवा लावतो. आता किल्ली फिरवा."

इंजिन सुरू झालं. स्कॅनरवर दोन रेघा उमटल्या. पुढच्या सेन्सरची रेघ काही वेळ मेल्यासारखी पडून राहिली, मग वरखाली होऊ लागली. मागच्याची रेघ पहिल्यापासून सरळ, संथ. पिवळा दिवा लागला नाही.

"मागचं शांत शे," झुलाल भाऊ आनंदानं म्हणाले. "म्हणजे डबा चांगला. गाडीत खोट नाही. बिचारी म्हातारी..."

"इंजिन थंड होतं ना?"

"थंडच व्हतं."

"सेन्सर तापल्याशिवाय बोलत नाही. जाळी तापल्याशिवाय काम करत नाही. मग हा मागचा पहिल्या क्षणापासून एवढा शहाणा कसा? फळ्यावर गणित लिहून व्हायच्या आत ज्या पोराचं उत्तर तयार असतं, त्यानं काय केलेलं असतं?"

"नक्कल."

अक्कांनी पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवलं. मग खाली वाकून लांबूनच उष्णता मोजणारं यंत्र डब्यावर धरलं. जाळी काम करत असली की तिच्यात आग धुमसते आणि मागचं तोंड पुढच्यापेक्षा गरम लागतं. इथे मागचं तोंड पुढच्यापेक्षा थंड होतं. त्यांनी इंजिन बंद केलं आणि लाकडी हातोडीनं डब्यावर टक् केलं.

रिकाम्या हंड्यासारखा आवाज आला.

"जाळी काढून घेतली आहे," अक्का म्हणाल्या. "डब्याच्या वरच्या बाजूला, सहज दिसणार नाही असा, नवा वेल्डिंगचा सांधा आहे. आणि मागच्या सेन्सरच्या वायरीत हे बघा."

काडेपेटीएवढा काळा डबा होता. सगळ्या वायरींवर काळ्या मातीचा थर. त्या डब्यावरची टेप कोरी करकरीत.

"हे त्या नकली उत्तराचं घर. सगळं ठीक आहे, एवढं एकच वाक्य हा संगणकाला सांगत राहतो."

"चोर!" झुलाल भाऊ म्हणाले. "त्या जाळीत महाग धातू राहतस. रस्त्यावरच्या गाड्यांचे डबे चोरीले जातस, पेपरात येस."

तोताराम दारात उभा राहून ऐकत होता. अक्कांनी त्याला विचारलं, "गाडी जळगावला कोणी नेली?"

"मीच. आखाजीच्या आधी हितूभाऊंच्या दारात लावली, किल्ली दिली, एसटीनं माघारी आलो. त्याच्या आदल्या दुपारपर्यंत नाना गाडीत झोपायचे. काही नाही झालं."

"आणि परत कोणी आणली?"

"मले काय माहीत, अक्का? आखाजीच्या आदल्या सांजेला मी पाड्यावर गेलो. नाना गेल्याचा निरोप आला तेव्हा आलो."

---

जळगावात मेहरूण तलावाच्या रस्त्याला सुपडूचं गॅरेज होतं. मागच्या भिंतीशी जुन्या सायलेन्सरांचा ढीग. झुलाल भाऊंनी अक्कांना कोपरानं ढोसलं. ढिगात कन्व्हर्टरचे डबेही होते.

"हे कुठून आले?" झुलाल भाऊंनी दरडावलं.

"लोकांच्या गाड्यांतून. खराब झाले, बदलले," सुपडू म्हणाला. "तुम्ही पोलीस का?"

"एसटी."

"मग आवाज खाली ठेवा. एसटीला आम्ही भीत नाही."

अक्का हसल्या. "जीवराम नानांची गाडी तुमच्याकडेच येते ना?"

सुपडूचा चेहरा उतरला. "देवमाणूस होता. पाडव्याला सर्व्हिसिंग केली. स्कॅनर लावून पाहिला होता, मागचा सेन्सर गायीसारखा शांत. तोही लगेच नाही, गाडी तापल्यावरच शांत झाला. तसाच पाहिजे. एसीही उत्तम होता."

"एसीत गॅस कमी होता?"

"अजिबात नाही. मीच तपासला."

"जाळी चोरणारे काय करतात, सुपडू?"

"करतात काय, अख्खा डबाच करवतीनं कापतात आणि पळतात. गाडी सुरू केली की ट्रॅक्टरसारखी बोंबलते. डबा उघडून, आतलं काढून, पुन्हा वेल्डिंग मारत कोण बसेल? चोर का गाडीची सेवा करतो?"

बाहेर आल्यावर झुलाल भाऊंनी बोटांवर नावं मोजली. मग म्हणाले, "अक्का, चोर नाही, सुपडू नाही. मग तोताराम. तो खोटं बोलस."

"चला, ज्याच्या दारात गाडी लावली त्याला विचारू."

---

हितेंद्रनं उसाचा रस मागवला. महामार्गाच्या कडेला त्याच्या पंधरावीस जुन्या गाड्या चकाकत उभ्या होत्या. बापासाठी डोक्यावरचे केस उतरवलेले, कपाळाला गंध.

"आईनं तुम्हाला आणलं?" तो म्हणाला. "तिचं मन तिला खातंय, दुसरं काय. गाडीत काही खोट नाही, अक्का. खोट आईच्या हातात. साखळी आकड्यात होती म्हणते, पण तिला आता काय आठवतं? पूर्ण खाली ओढलं असणार."

"मग ती शटर उघडताना साखळी आकड्यात कशी सापडली?"

"ते तीच सांगते."

"एसी नीट चालतो?"

"बर्फासारखा. गॅस भरून दिला ना मी."

"आखाजीला गाडी मळ्यात कोणी नेली?"

"तोतारामनं. सकाळी किल्ली घेऊन गेला. मी मागून मित्राच्या गाडीतून गेलो, मागच्या सीटवर झोपूनच. तोताराम वाटेत कुठे थांबला असेल तर मला ठाऊक नाही." त्यानं पेला खाली ठेवला. "का? काय सापडलं?"

"उद्या सकाळी मळ्यात या. सगळ्यांसमोर सांगते. आई दोषी आहे की नाही, तेही."

"दोषी आहेच. पण या तुम्ही."

---

दुसऱ्या दिवशी दहालाच पत्रा तापला होता. गाडी पुन्हा आत लावलेली. निंबाच्या बुंध्याला झोक्याच्या दोराचे वळ अजून दिसत होते. सुगंधाबाई ओट्यावर बसल्या, उजवा हात पदरात. शेजारी पाण्याचा तांब्या. तोताराम खांबाला टेकून उभा.

हितेंद्र आला. आईकडे त्यानं बघितलंही नाही.

"हितेंद्र, गाडीत खोट नाही, हे तुमचं म्हणणं कायम आहे?"

"कायम."

"बसा मग गाडीत. इंजिन लावा, एसी लावा. शटर आम्ही ओढतो. वीतभर उघडं, आकड्यावर. नाना रोज झोपायचे तसं. तासभर बसलात की आईचं म्हणणं खोटं की खरं ते कळेल. वीतभर फट पुरते की नाही, एवढंच बघायचंय."

हितेंद्र हसला. गाडीत बसला. अक्कांनी गाडीच्या उघड्या दारातून हात घालून किल्ली फिरवली आणि दार लावलं. इंजिन सुरू झालं. झुलाल भाऊंनी शटरला हात घातला मात्र, गाडीच्या चारही काचा एकदम खाली आल्या.

"काचा कशाला उघडल्या?" अक्कांनी विचारलं. "एसी बर्फासारखा आहे ना?"

हितेंद्रच्या डोक्यावर घाम फुटला होता. "कोंडल्यासारखं होतं मला."

"अजून शटर जागचं हललं नाही." अक्कांनी उघड्या काचेतून किल्ली काढून मुठीत घेतली आणि त्या शटरबाहेर आल्या. "आखाजीच्या सकाळीही तुम्ही असेच घाबरलात. म्हणून एवढ्या उन्हात, एसी असताना, चारही काचा उघड्या टाकून जळगावहून इथवर आलात. मागच्या सीटवर केळीचं पान उडून आलं. केसांत माती भरली. उजवा गाल भाजला. उजवा, म्हणजे स्टिअरिंगच्या बाजूचा. मित्राच्या गाडीत मागे झोपलेल्या माणसाचा नाही भाजत."

"तोतारामनं आणली गाडी! सांगितलं ना!"

"आखाजीला?" अक्का म्हणाल्या. "तोताराम, आखाजीला तू काय करतोस?"

"काही नाही. साल फिटतं, वर्षाची बोली संपते, अक्का. आदल्या सांजेला सालदार मोकळा. त्या दिवशी आम्ही ना औत धरत ना गाडी. नवं साल ठरेपर्यंत मालकाच्या वस्तूला हात नाही."

"इथल्या पोरासोरांना हे माहीत असतं. हितेंद्र, तुम्ही शहरात गेलात आणि आखाजीला फक्त आमरस खायला आलात. सगळं नेमकं बसवलंत, तेवढं एक विसरलात." अक्कांचा आवाज चढला नाही. "गाडी जळगावला जाईपर्यंत नाना तिच्यात रोज झोपले आणि उठले. परत आल्यावर पहिल्यांदा झोपले ते उठले नाहीत. मधले दिवस ती तुमच्याकडे होती. एसीत गॅस कमी नव्हता, सुपडूनं पाडव्याला पाहिला होता. बहाणा करून तुम्ही गाडी घेतलीत, डब्यातली जाळी काढून घेतलीत, मागच्या सेन्सरला नकली डबा लावलात. दिवा लागला असता तर नानांनी गाडी थेट सुपडूकडे पाठवली असती. तो लागू द्यायचा नव्हता."

"चालत्या गाडीत मरायची भीती होती काय त्याले?" झुलाल भाऊंनी विचारलं.

"नव्हतीच. चालत्या गाडीत धूर मागे राहतो. पण ज्याला काहीच माहीत नाही, तो भीत नाही. ज्याला सगळं माहीत आहे, तो गरज नसतानाही काचा उघडतो."

सुगंधाबाई उभ्या राहिल्या होत्या. "कायले रे?" त्यांनी हितेंद्रला विचारलं. "विहिरीवरचा मळा नाना ललिताच्या नावानं करनार व्हते, म्हनून?"

ललिता म्हणजे हितेंद्रची विधवा बहीण. आखाजीनंतर कागद करायचा, असं नानांनी पाडव्यालाच घरात सांगितलं होतं.

"मुलगा मी आहे!" हितेंद्र गाडीतून उतरत ओरडला. "ती कोण? दुसऱ्याच्या घरची! आणि मी काय केलं? हात तरी लावला का नानांना? मी जळगावात होतो. मी फक्त फोन केला. शटर आईनं ओढलं. विचारा तिला! आईनं ओढलं शटर!"

झुलाल भाऊंनी मान फिरवली. फोनची गोष्ट ऐकून आपण काय बोललो होतो, ते त्यांना आठवलं.

"तो फोन," अक्का सुगंधाबाईंना म्हणाल्या, "काळजीचा नव्हता. तुमचा हात वेळेवर चालावा म्हणून होता. वीतभर फट कितीक वर्षं पुरली, कारण डब्यात जाळी होती. तुम्ही त्या दिवशीही तेच केलंत. तुम्ही मारलं नाही. तुमच्या हाताला त्यानं हत्यार केलं."

लांब, यावलच्या रस्त्यावर धूळ दिसू लागली. अक्कांनी सकाळीच फौजदारांना कळवलं होतं.

"किल्ली कुठी हाये?" सुगंधाबाईंनी विचारलं.

अक्कांनी मूठ उघडून दाखवली.

सुगंधाबाई पायरी उतरल्या. पदराखालून उजवा हात बाहेर आला. हितेंद्र गाडीच्या मागून दाराकडे यायच्या आत शटर खडखडत खाली आलं. साखळी आकड्यात अडकली. शटर वीतभरावर थांबलं.

"आई! आई, काय करतेस?" आतून पत्र्यावर हात आपटले. "पत्रा तापलाय! आई!"

झुलाल भाऊ पुढे झाले. अक्कांनी त्यांचा दंड धरला. "इंजिन बंद आहे. पोलीस येतायत. राहू द्या."

सुगंधाबाई ओट्यावर जाऊन बसल्या. थोड्या वेळानं आपटणं थांबलं. शटरखालच्या फटीतून चार बोटं बाहेर आली, तापलेल्या मातीवर.

"आई, पाणी दे."

त्यांनी त्या बोटांकडे बराच वेळ पाहिलं.

"माह्या हातचं पानी तुले चालत नाही ना," त्या म्हणाल्या.

मग उजव्या हातानं तांब्या उचलला आणि सगळं पाणी त्या स्वतःच प्यायल्या.